हरवणाऱ्याचा वाटा

तायक्वांदोची एखादी मोठी स्पर्धा पाहताना हल्ली माझी नजर जिंकलेल्या खेळाडूवर फार वेळ टिकत नाही. पंच विजेतीचा हात उंचावतात, टाळ्यांचा गजर होतो, आणि मी तोवर दुसरीकडे पाहू लागलेली असते. जी हरली तिने शिरस्त्राण काढून काखेत धरलेले असते, केस घामाने कपाळाला चिकटलेले असतात, ती वाकून नमस्कार करते आणि अष्टकोनी चटईवरून खाली उतरून आत निघून जाते. स्पर्धा ऑलिम्पिकची असेल, तर आपला दिवस संपला की नाही हे तिला त्या घडीला ठाऊक नसते. ते ठरवणे आता तिच्या हाती उरलेले नाही. ते ठरणार आहे ती जिच्याकडून हरली, त्या मुलीच्या पायांनी.

कुस्ती पाहणाऱ्यांना रेपेचाज हा शब्द ओळखीचा आहे. ऑलिम्पिकच्या तायक्वांदोतही तीच व्यवस्था आहे. एका वजनगटातल्या दोन खेळाडू अंतिम फेरीत पोहोचल्या, की उपांत्य फेरीच्या आधी त्यांच्याकडून ज्या ज्या हरल्या, त्यांना पुन्हा बोलावले जाते. त्या आपसांत लढतात, त्यांतून जी जिंकते ती उपांत्य फेरीत हरलेल्या खेळाडूशी लढते, आणि अशा दोन लढतींतून २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून प्रत्येक गटात दोन कांस्यपदके दिली जातात. सोडतीत कुणाशी गाठ पडावी हा नशिबाचा भाग असतो, आणि पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडू समोर आली म्हणून एखाद्या गुणी मुलीची वर्षांची मेहनत सहा मिनिटांत वाया जाऊ नये, असा या नियमामागचा साधा न्याय. पण तो कागदावर जितका साधा दिसतो, तितका तो जगताना साधा नसतो. कारण हरलेल्या मुलीला तासन्‌तास सराव कक्षात बसून, अंग थंड पडू न देता, जिने नुकतेच आपल्याला हरवले तिच्या विजयाची प्रार्थना करावी लागते.

मला हे समजायला उशीर लागला. शाळकरी वयात मी पाच वर्षे हा खेळ शिकले. एका स्पर्धेत पहिल्याच लढतीत मी हरले. समोरची मुलगी माझ्याहून उंच होती, तिची पुढच्या पायाची किक मी ओळखण्याआधीच माझ्या छातीकवचावर येऊन आदळत होती, आणि तिसऱ्या फेरीत तर मी केवळ मागे मागे सरकत होते. खाली उतरल्यावर मी बॅग उचलून निघणार, तेवढ्यात सरांनी हाताने खुर्ची दाखवली आणि म्हणाले, “बस इथे. तिची पुढची फाइट बघ.” मी बसले, पण खेळ पाहायला नाही. तिने हरावे एवढेच मनात होते. आमच्या त्या लहानशा स्पर्धेत रेपेचाज नव्हता, तिच्या जिंकण्याने मला काहीच मिळणार नव्हते, आणि ती उपांत्य फेरीत हरली तेव्हा मला जो आनंद झाला त्याची आठवण पुढे अनेक वर्षे मला नकोशी वाटत राहिली.

ती आठवण पुन्हा वर आली टोकियोच्या वेळी. २५ जुलै २०२१ ला, प्रेक्षकांविना सुन्या असलेल्या सभागृहात, महिलांच्या ५७ किलो गटाच्या पहिल्याच टप्प्यात निर्वासितांच्या ऑलिम्पिक संघाची किमिया अलीझादेह आणि इराणची नाहिद कियानी समोरासमोर आल्या. किमियाचे नाव त्याआधी जगाला माहीत होते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने याच गटात कांस्यपदक जिंकले होते आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती इराणची पहिली महिला ठरली होती. २०२० च्या जानेवारीत तिने देश सोडल्याचे जाहीर केले, पुढे ती जर्मनीत राहू लागली, आणि दीड वर्षाने टोकियोत तिच्या डोबोकच्या, म्हणजे तायक्वांदोच्या पोशाखाच्या, पाठीवर कोणत्याही देशाचे नाव नव्हते. समोर कियानी होती, जिच्यासोबत ती एकेकाळी एकाच देशासाठी खेळली होती. सोडतीच्या पेटीतून निघालेल्या या जोडीला मी क्रूर म्हणेन. ती लढत किमियाने जिंकली.

पुढच्या लढतीत तिने त्याहून अवघड काम केले. ब्रिटनची जेड जोन्स २०१२ आणि २०१६ ची सुवर्णविजेती, सलग तिसऱ्या सुवर्णाच्या शोधात आलेली. तिलाही किमियाने हरवले. आणि इथून त्या दिवसाचे दुसरे, कमी सांगितले गेलेले कथानक सुरू झाले. आता कियानी आणि जोन्स, दोघींचाही परतीचा रस्ता किमियाच्या पायांखालून जात होता. ती अंतिम फेरीत गेली असती, तर दोघींनाही पुन्हा चटईवर बोलावले गेले असते. किमिया उपांत्य फेरीत पोहोचली आणि तिथे हरली. त्या एका पराभवाने दोन दारे एकदम बंद झाली: पहिले दोन वेळच्या ऑलिम्पिक विजेतीचे, आणि दुसरे किमियाच्या जुन्या सहकारी खेळाडूचे. किमिया स्वतःही नंतर कांस्यपदकाची लढत हरली आणि रित्या हाताने परतली. त्या दिवसाच्या बातम्यांमध्ये किमियाने जोन्सला हरवले हे ठळक होते. मला मात्र आत कुठेतरी पडद्यावर दुसऱ्याची लढत पाहत बसलेल्या त्या दोघींचाच विचार येत राहिला.

रेपेचाजच्या मार्गाने आलेले पदक कमी प्रतीचे, असे म्हणणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. मला ते पटत नाही. अशा पदकासाठी पराभव पचवून पुन्हा उभे राहावे लागते, आणि तेही त्याच दिवशी. तायक्वांदोत एका वजनगटाची संपूर्ण स्पर्धा एका दिवसात उरकते. सकाळी हरलेल्या मुलीला संध्याकाळी पुन्हा उभे राहायचे असते. सुजलेल्या पायाला बर्फ लावत, मनातून तो सुटलेला गुण पुसत, आणि बोलावणे येईल की नाही हे माहीत नसताना तयार राहणे ही वेगळ्या जातीची ताकद आहे.

थायलंडची पानिपक वोंगपट्टनकिट हिच्याकडे ती होती. रिओत ४९ किलो गटाच्या उपांत्यपूर्व फेरीत ती कोरियाच्या किम सो-हुईविरुद्ध आघाडीवर होती आणि घड्याळात मोजकी सेकंदे उरली होती. तेवढ्यात किमची किक डोक्यावर लागली आणि निकाल ६-५ असा फिरला. किम पुढे अंतिम फेरीत गेली, सुवर्ण जिंकली, आणि तिच्या त्या वाटचालीने पानिपकला परत बोलावणे आले. तिने कांस्यपदक मिळवले. पाच वर्षांनी टोकियोत तीच पानिपक अंतिम फेरीत होती, समोर स्पेनची सतरा वर्षांची आद्रियाना सेरेझो. या वेळी मागे पानिपक होती, एका गुणाने, आणि शेवटच्या काही सेकंदांत तिची किक सेरेझोच्या छातीकवचावर बसली. ११-१०. थायलंडचे तायक्वांदोतले ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. २०२४ मध्ये पॅरिसला तिने ते राखले. रिओत तिच्याकडून जे हिरावले गेले होते, तेच तिने टोकियोत दुसऱ्या एका मुलीकडून घेतले, तसेच आणि तितक्याच उशिरा. मी तो क्षण जितक्या वेळा पाहिला, तितक्या वेळा सेरेझोचाही चेहरा पाहिला आहे.

हा खेळ शेवटच्या सेकंदापर्यंत असा उघडा राहतो याचे कारण त्याच्या गुणपद्धतीत आहे. आजच्या नियमांनुसार ठोशाला १ गुण, छातीकवचावरच्या किकला २, डोक्यावरच्या किकला ३. आणि अंग गर्रकन फिरवून मारलेली किक असेल तर कवचावर ४ आणि डोक्यावर ५. किक लागली की नाही हे मोज्यांतल्या आणि कवचांतल्या संवेदकांवरून यंत्र ठरवते. ऑलिम्पिकमध्ये ही यंत्रणा लंडनला, २०१२ मध्ये आली, आणि रिओपासून शिरस्त्राणातही बसली. तिने पंचांवरचे आरोप कमी केले हे खरे, पण तिने खेळाची ढबही बदलली: पुढचा पाय हवेत ठेवून नुसते टोचत राहणारे खेळाडू वाढले, आणि जुन्या लोकांना ते पाहवेना. फिरून मारलेल्या किकचे मोल वाढवत नेण्यामागे तो सुंदर, जोखमीचा खेळ परत यावा ही इच्छा होती. जोखीम खरोखरच मोठी आहे. फिरताना क्षणभर प्रतिस्पर्ध्याकडे पाठ होते. पण पाच गुणांची किक हातात असलेल्या खेळाडूला चार गुणांनी मागे असतानाही आशा सोडता येत नाही, आणि आघाडीवर असलेल्याला श्वास सोडता येत नाही.

ब्रिटनचा लुटालो मुहम्मद याला हे रिओत समजले. ८० किलो गटाच्या अंतिम लढतीत तो सुवर्णापासून अक्षरशः एका सेकंदावर होता, आणि त्या एका सेकंदात आयव्हरी कोस्टच्या शेख सल्लाह सिसेची फिरती किक त्याच्या डोक्यावर लागली. ८-६. आयव्हरी कोस्टच्या इतिहासातले ते पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक, आणि त्याच दिवशी त्यांच्या रूथ ग्बाग्बीने ६७ किलो गटात कांस्यही मिळवले. १९८४ च्या एका रौप्यपदकानंतर बत्तीस वर्षे काहीच न मिळालेल्या देशाला एका दिवसात दोन पदके. लुटालो मात्र कॅमेऱ्यासमोर रडला, आणि लंडनमध्ये कांस्य मिळवलेल्या या खेळाडूचे रौप्य त्याच्या गळ्यात एखाद्या ओझ्यासारखे दिसत होते.

या खेळाच्या पदकतालिकेत ‘पहिले’ हा शब्द किती वेळा येतो, हे पाहून मी थक्क होते. व्हिएतनामचे पहिले ऑलिम्पिक पदक तायक्वांदोतले, सिडनी २०००. अफगाणिस्तानचे पहिले, बीजिंग २००८, रोहुल्ला निकपाईचे कांस्य. हा मुलगा इराणमधल्या अफगाण निर्वासितांच्या संघातून पुढे आला होता, आणि चार वर्षांनी लंडनमध्ये त्याने वरच्या वजनगटात पुन्हा कांस्य मिळवले. गॅबनचे पहिले, लंडन २०१२, अँथनी ओबामेचे रौप्य. अंतिम लढत ९-९ अशी बरोबरीत राहिली, जादा फेरीतही गुण झाला नाही, आणि शेवटी पंचांनी इटलीच्या कार्लो मोल्फेट्टाला विजयी ठरवले. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे ओबामे विश्वविजेता झाला. या देशांकडे जलतरणाचे तलाव नसतील, सायकलींचे ट्रॅक नसतील. या खेळाला एक चटई, एक जाणता शिक्षक आणि लाथ झेलणारा एक साथीदार पुरतो. म्हणूनच १९७३ मध्ये सोलला झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेनंतर तो इतक्या देशांत रुजला.

जॉर्डनचेही पहिले पदक असेच आले, आणि त्या पदकाशी माझी सर्वांत आवडती गोष्ट जोडलेली आहे. रिओत ६८ किलो गटात कोरियाचा ली दे-हून सुवर्णाचा मोठा दावेदार होता. दोन वेळचा विश्वविजेता, लंडनचा रौप्यविजेता, आणि ज्या देशात हा खेळ जन्मला त्या देशाचा लाडका. उपांत्यपूर्व फेरीत जॉर्डनच्या अहमद अबुघौशने त्याला हरवले. चटईवर त्या क्षणी लीची सुवर्णाची आशा संपली होती. त्याने अबुघौशसाठी टाळ्या वाजवल्या, त्याचा हात धरून उंच केला, आणि मग तो उतरला. त्यात दिखावा असता तर तो चेहऱ्यावर दिसला असता. पुढे अबुघौश अंतिम फेरीत गेला, सुवर्ण जिंकला, आणि त्याच्या त्या प्रवासाने लीला रेपेचाजचे दार उघडले. ली कांस्यपदकासह परतला. हात उंचावताना त्याने याचा हिशेब केला असेल असे मला वाटत नाही. पण संध्याकाळी विजयमंचावर दोघे जवळजवळ उभे राहिले तेव्हा, सकाळी ज्या माणसाचा हात त्याने उंचावला होता, त्याचा लीच्या कांस्यात वाटा होता.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत असे घडत नाही. तिथे वजनगट ऑलिम्पिकच्या दुप्पट, पुरुषांचे आठ आणि महिलांचे आठ; पण रेपेचाज नाही. हरलात की गेलात. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळते, त्यासाठी पुन्हा लढावे लागत नाही. त्यामुळे जागतिक स्पर्धेच्या विजयमंचावर उभ्या असलेल्या चौघांपैकी तिघे आपली शेवटची लढत हरलेले असतात. मला ऑलिम्पिकची पद्धत अधिक माणुसकीची वाटते, तिच्यातली ती जीवघेणी प्रतीक्षा धरूनही.

जागतिक स्पर्धेच्या एका विजयमंचाविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. २०१९, मँचेस्टर, ७३ किलोवरील गटाची अंतिम लढत. घरच्या प्रेक्षकांसमोर ब्रिटनची बियांका वॉकडेन, समोर रिओची सुवर्णविजेती चीनची झेंग शूयिन. झेंग २०-१० अशी पुढे होती. त्या वेळच्या नियमानुसार दहा ‘गाम-जोम’, म्हणजे दंड, झाले की खेळाडू बाद होत असे, आणि अष्टकोनाबाहेर पाय पडणे हाही दंडच. झेंगच्या नावावर दंड साचलेले होते. वॉकडेनने गुण मिळवण्याचा प्रयत्न सोडला आणि तिला ढकलत चटईबाहेर नेऊ लागली. दहावा दंड झाला, झेंग बाद ठरली, आणि वॉकडेन सलग तिसऱ्यांदा विश्वविजेती झाली. पदके देताना झेंग विजयमंचावर गुडघ्यांवर कोसळली, आणि प्रेक्षागृहातून नापसंतीचे आवाज उठले.

वॉकडेनने नियम मोडला नव्हता. नियमाने जे शस्त्र तिच्या हाती दिले, ते तिने वापरले. दंड साठू देणे ही झेंगचीही चूक होतीच. हे सगळे मान्य करूनही मला ती लढत दुसऱ्यांदा पाहवली नाही. पुढे, २०२२ पासून, पद्धतच बदलली: आता तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी, आणि एका फेरीत पाच दंड झाले तर ती एक फेरी जाते, सगळी लढत नव्हे. पण माझ्या मनात राहिले ते गुडघ्यांवरचे झेंगचे रूप. लीने जो हात उंचावला, तो त्याच्याहून सरस ठरलेल्या खेळाडूचा होता, हे त्याला ठाऊक होते. झेंगला मँचेस्टरमध्ये तशी खात्री मिळाली नाही. हरवणाऱ्याने आपल्याला खरोखर हरवले आहे, एवढे तरी हरणाऱ्याला हवे असते.

आता पॅरिस. ८ ऑगस्ट २०२४, ग्राँ पाले या जुन्या प्रदर्शन-महालाच्या काचेच्या छताखाली, पुन्हा ५७ किलो गट. कियानी इराणकडूनच होती. किमिया या वेळी बल्गेरियाची नागरिक म्हणून, बल्गेरियाच्या ध्वजाखाली उतरली होती. आणि सोडतीने पुन्हा दोघींना सुरुवातीलाच समोरासमोर आणले. या खेपेला कियानी जिंकली. तीन वर्षांपूर्वीचे सगळे उलटे झाले: आता बाहेर बसून वाट पाहायची पाळी किमियाची होती, आणि जिच्या विजयाची वाट पाहायची ती कियानी होती. जो ध्वज कियानीच्या नावापुढे फडकत होता, तो ध्वज रिओत किमियाचा होता. आणि आता त्या ध्वजाच्या पुढच्या प्रत्येक विजयावर तिचे परतणे अवलंबून होते.

टोकियोत किमिया कियानीसाठी जे करू शकली नव्हती, ते पॅरिसमध्ये कियानीने तिच्यासाठी केले, न ठरवता, केवळ स्वतःच्या सुवर्णाच्या ओढीने. ती पुढच्या लढती जिंकत अंतिम फेरीत गेली. किमियाला बोलावणे आले, ती रेपेचाजमधून वर आली आणि तिने कांस्य जिंकले. तिच्यासाठी ही वाट नवी नव्हती. रिओतही ती अंतिम फेरीत गेलेल्या स्पेनच्या एव्हा काल्वोकडून हरून, याच मार्गाने कांस्यपर्यंत आली होती. अंतिम लढतीत कोरियाच्या किम यू-जिनने कियानीला हरवले. मंचावर मधोमध किम, एका बाजूला रौप्यपदकासह कियानी, आणि कांस्यपदकांच्या जागी कॅनडाची स्कायलर पार्क व किमिया. टोकियोत यांतल्या एकीच्या पराभवाने दुसरीही बुडाली होती. इथे एकीच्या विजयाने दोघी वर आल्या.

ते दृश्य मी मध्येच थांबवून बराच वेळ पाहत बसले होते. सरांनी दाखवलेली ती खुर्ची मला आठवली, आणि ती उंच मुलगी, जिने हरावे म्हणून मी दुपारभर मूठ आवळून बसले होते. स्पर्धा संपल्यावर सोडतीचा तक्ता भिंतीवर लावला होता आणि घरी जाण्याआधी मी तो वाचला होता. त्यात पुढच्या घरांत तिचे नाव दोनदा पुन्हा लिहिलेले होते. माझे नाव एकदाच होते, तिच्या नावाच्या अगदी खाली, त्याच जाड निळ्या शाईत.